'भाऊ हवा की बहीण?' हे राहू द्या, आधी तिला सांगा

प्रश्न : मला साडेतीन वर्षांची मुलगी आहे. दुसऱ्यांदा दिवस गेलेत, दहावा आठवडा सुरू आहे, तारीख नोव्हेंबरच्या मध्यातली दिली आहे. सासूबाई म्हणतात, तीन महिने होईपर्यंत घराबाहेर शब्द जायला नको, आणि पोरीला सांगणं म्हणजे सोसायटीत दवंडी पिटणं. नवरा म्हणतो, तिला काहीतरी जाणवतंय, सांगून मोकळं होऊ. त्यातच परवा शेजारच्या काकूंनी (माझा चेहरा बघूनच ओळखलं असावं) लिफ्टमध्ये तिला विचारलं, "काय गं, तुला भाऊ हवा की बहीण?" ती म्हणाली, "मला सायकल हवी." तिला सांगायचं कधी आणि कोणत्या शब्दांत? आणि लहान मूल जे सांगतं तेच होतं म्हणतात, त्यात काही तथ्य आहे का?
— एक आई, ठाणे

उत्तर : सायकलीचं उत्तर मला फार आवडलं. काकूंना काय ऐकायचं होतं ते सोडून तिने स्वतःला काय हवंय ते सांगितलं. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, तो लवकर आटपतो.

डोहाळजेवणाला आपण दोन वाट्या झाकून ठेवतो. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. घरातलं तीन वर्षांचं पोर ही तशीच तिसरी वाटी. जगात दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्माला येतात. म्हणजे 'भाऊ' म्हणणारं मूल शंभरात ५१ वेळा बरोबर ठरणार आणि 'बहीण' म्हणणारं ४९ वेळा. बरोबर निघालेल्यांचं कौतुक बारशाच्या पंगतीत होतं, चुकलेल्यांचं नाव कोणी काढत नाही. तथ्य आहे ते एवढंच.

पण हा प्रश्न मला गमतीचा वाटत नाही. गर्भाचं लिंग तपासण्याला आळा घालणारा देशातला पहिला कायदा आपल्या महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा कायदा १९९४ साली आला. म्हणून प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी पाटी असते. डॉक्टरांना जे विचारता येत नाही ते आपण लिफ्टमध्ये एका पोरीला विचारतो. ती 'बहीण' म्हणाली आणि विचारणारीचा चेहरा किंचित उतरला, की तिला कळतं, या प्रश्नाचं एक बरोबर उत्तर आहे आणि ते आपण नाही. सातारा जिल्ह्यात २०११ साली अडीचशेहून अधिक मुलींची 'नकोशी' ही नावं सरकारी समारंभात बदलावी लागली होती. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खेपेला पुन्हा मुलगीच झाली म्हणून ठेवलेली ती नावं. लिफ्टमधला प्रश्न तिथपर्यंत जात नाही हे मान्य, पण वाट तीच आहे. पुन्हा कोणी विचारलं तर लेकीच्या देखतच सांगा, "आम्हाला बाळ हवंय." तिला ते ऐकू जाणं महत्त्वाचं, काकूंचं काय ते काकू बघतील.

आता 'कधी'. सासूबाई आणि नवरा, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. तीन महिने गप्प राहण्याचं कारण म्हणून जुन्या बायका दृष्ट लागण्याचं नाव घेत, पण त्या रीतीला शरीराचा आधार आहे. लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी १० ते २० टक्के टिकत नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या बारा-तेरा आठवड्यांतच जातात. शिवाय आज सांगितलंत तर पोरीला सात महिने वाट बघायची आहे. साडेतीन वर्षांच्या जिवाला सात महिने म्हणजे जवळजवळ तिला आठवतं तेवढं सगळं आयुष्य.

आणि नवऱ्याचं म्हणणं? सकाळी तुम्ही बेसिनपाशी वाकलेल्या असता. फोडणीचा वास आला की खिडकी गाठता. तिला कडेवर घेणं बंद झालंय. ती खोलीत आली की मोठी माणसं एकदम इंग्रजीत बोलायला लागतात. बातमी काय आहे हे तिला माहीत नसेल, पण आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय हे नक्की माहीत आहे. मुलं अशा वेळी जागा भरून काढतात, आणि ती बहुधा भीतीने भरतात. आई आजारी आहे, आई माझ्यावर रागावली आहे.

तेव्हा माझा निवाडा असा : बारा आठवड्यांची सोनोग्राफी नीट होऊ द्या आणि त्याच आठवड्यात तिला सांगा. आजी-आजोबांना ठाऊक असेल तर असू दे, पण भिशीच्या ग्रुपवर आणि ऑफिसात जाण्याआधी तिला कळलं पाहिजे. मधल्या दोन आठवड्यांत तिने "आई, तुला काय झालंय?" म्हणून विचारलं तर 'काही नाही' म्हणू नका. "मला मळमळतंय, पण हा आजार नाही, थोड्या दिवसांनी थांबेल," हे खरं आहे आणि पुरेसं आहे. 'हे आपलं गुपित हं, कोणाला सांगायचं नाही' असं मात्र चुकूनही नको. या वयात गुपित पोटात राहत नाही, आणि बाहेर पडलं की बोलणी तिलाच बसतात.

सांगितल्यावर काही बिनसलं तर? नको तो विचार, पण करून ठेवायला हवा. तसं झालं तर तेही सांगायचं. बाळ पुरेसं वाढलं नाही, आता ते येणार नाही, आई-बाबांना वाईट वाटतंय, आणि यात तुझं काहीच चुकलेलं नाही. हे शेवटचं वाक्य दोन-चार दिवसांनी पुन्हा सांगायचं. 'मला बाळ नको' असं एकदा जरी ती म्हणाली असेल, तरी आपल्या म्हणण्यानेच ते झालं असं या वयातल्या मुलाला वाटू शकतं.

शब्दांकडे येण्याआधी माझी एक गोष्ट. मी चार वर्षांची असताना धाकट्या भावाच्या वेळी मला आजोळी पाठवलं होतं. परत आले तर पाळण्यात हा. "हा कुठून आणला?" मावशीने हसत सांगितलं, "बोहारणीला आईच्या दोन जुन्या साड्या दिल्या आणि घेतला." आमच्या वाड्यातल्या निम्म्या पोरांचा जन्म असाच झालेला होता, त्यात नवल नव्हतं. दोनेक महिन्यांनी दुपारी बोहारीण आली. आईने पायरीवर बसून एका स्टीलच्या पातेल्यासाठी घासाघीस चालवली होती. बोहारीण म्हणत होती, जरीचं एक लुगडं वाढवा, आई म्हणत होती, काठ तरी बघा त्या साडीचा. मी आत गेले, पाळण्यातलं दुपटं, दोन लंगोट आणि टोपरं एकत्र गुंडाळलं, ते बोचकं बोहारणीच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, "हे घ्या, आणि त्याला पण घेऊन जा. आत झोपलाय." वाडा हसला. पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना ही गोष्ट सांगितली जायची. मला मात्र तेव्हा हसू आलेलं नव्हतं. सौदा होता, तो मी मोडत होते. आणि त्या दिवसापासून बोहारणीची हाक आली की मी माजघरात लपायची, कारण याला साड्यांवर घेतलं असेल तर मलाही कशावर तरीच घेतलं असणार.

फसवणुकीचा हा खेळ आपल्याच घरांत चालतो असं नाही. १९०६ साली व्हिएन्नातल्या एका साडेतीन वर्षांच्या मुलाला, तुमच्या लेकीच्याच वयाच्या, सांगितलं होतं की करकोचा बाळ घेऊन येणार. आईच्या खोलीतून कण्हण्याचा आवाज येत होता, बाहेर डॉक्टरांची बॅग दिसत होती, नंतर रक्ताळलेल्या पाण्याची भांडीही त्याच्या नजरेला पडली. पोराने वरवर करकोचा मान्य केला. पण पुढे तो वडिलांना ठासून सांगू लागला, की बहिणीच्या जन्माआधीच्या उन्हाळ्यात आपण गावाला गेलो होतो, तेव्हा ती आपल्याबरोबरच होती, पेटीत बसून आली होती. म्हणजे त्याला सगळं उमगलं होतं. फ्रॉइडने १९०९ मध्ये 'लिटल हान्स' या नावाने त्याची हकीकत प्रसिद्ध केली. फ्रॉइडने त्यातून काढलेले सगळे निष्कर्ष मला पटत नाहीत, पण पोराची ती पेटी विसरता येत नाही. (हा हान्स पुढे मोठा ऑपेरा-दिग्दर्शक झाला, काळजी नसावी.)

तर, खरं सांगायचं. पण मराठीत खरं सांगताना एक अडचण येते, 'पोट' या शब्दाची. पोळीभाजी जाते ते पोट, दुखतं ते पोट, आणि बाळ असतं तेही पोटच. साहजिकच प्रश्न येतात. तू त्याला गिळलंस का? चावलंस का? गरम चहा प्यायलीस तर त्याला भाजेल ना? एका ओळखीच्या घरातल्या मुलीने चार दिवस जेवायचं नाकारलं होतं, कारण जास्त जेवलं की पोटात बाळ होतं अशी तिने समजूत करून घेतली होती. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाका, जेवण जातं ती जागा वेगळी आणि बाळाची वेगळी. बाळासाठी आईच्या पोटात एक निराळी पिशवी असते. 'गर्भाशय' हा शब्द तिला नको, पण आपल्या बायका बोलताना 'पिशवी' म्हणतात तो शब्द तिच्यासाठी अगदी बेतलेला आहे. पिशवी म्हणजे काय, हे रोज भाजी आणताना तिला दिसतं.

सांगायचं दोघांनी मिळून, एखाद्या साध्या दिवशी. पेढे नकोत, केक नको, 'बिग सिस्टर' छापलेला टीशर्ट नको, आणि तिची प्रतिक्रिया टिपायला समोर मोबाइल तर नकोच. कॅमेरा दिसला की मूल कॅमेऱ्यासाठी हसतं, आणि तुम्हाला वाटतं झालं, आनंद झाला. वाक्यं फार तर तीन : आपल्या घरात आणखी एक बाळ येणार आहे. ते आत्ता माझ्या पोटातल्या पिशवीत वाढतंय. तू पण तिथेच वाढलीस. एवढं बोलून थांबा. ती कदाचित म्हणेल, "बरं. मला बिस्किट दे." द्या बिस्किट. प्रश्न दोन दिवसांनी आंघोळीच्या वेळी येतील, नाहीतर भर बसमध्ये.

'तू पण तिथेच वाढलीस' हे वाक्य सगळ्यात मोठं, त्याच्यासाठी एक दुपार राखून ठेवा. माळ्यावरची बॅग काढा आणि तिची स्वतःची कुंची, झबली, पायातले मोजे तिच्यासमोर पसरा. ती झबलं डोक्यात घालायचा प्रयत्न करेल, ते कपाळावरच अडकेल. तिला हवं तितक्या वेळा तिच्या जन्माची गोष्ट सांगा : पाऊस होता का, बाबा कुठे अडकले होते, आत्याने कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं तेव्हा ती रडली की झोपून राहिली. तिच्या वेळी तुमचं सिझेरियन झालं असेल तर व्रण दाखवायला हरकत नाही. ती त्यावरून बोट फिरवेल आणि विचारेल, दुखतं का? नॉर्मल झालं असेल तर, बाळ बाहेर यायला आईच्या अंगात एक वेगळी वाट असते, एवढं पुरे. मात्र बॅग परत भरताना एक करा. ते कपडे तिचे आहेत. यातलं बाळाला काय द्यायचं आणि काय नाही, हे तिला ठरवू द्या. तिने दोन मोजे स्वतःसाठी ठेवून घेतले तर बाळाचं काही अडत नाही.

'नोव्हेंबर' हा शब्द तिच्या उपयोगाचा नाही. स्वयंपाकघरातलं कालनिर्णयही नाही, त्यात सगळी पानं सारखीच दिसतात. तिला सण आणि फळं कळतात. आंबे संपतील, मग पाऊस येईल, रेनकोट काढू, मग गणपती येतील आणि जातील, मग दिवाळीचे किल्ले, आणि त्या सुमाराला बाळ. तारीख आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे होऊ शकते, म्हणून 'भाऊबीजेला भाऊ येणार' असली वचनं कोणालाही देऊ देऊ नका.

आणि तिचे खरे प्रश्न बाळाबद्दलचे नसतात. तुम्ही दवाखान्यात असताना मी कोणाजवळ झोपू? वेणी कोण घालेल? आजी घट्ट घालते. बाळ माझ्या खाटेवर झोपणार का? या प्रश्नांना 'बघू तेव्हा' हे उत्तर चालत नाही. नॉर्मल असेल तर दोन-तीन दिवस, सिझेरियन असेल तर चार-पाच दिवस तुम्ही घरी नसाल. त्या रात्री कोण तिच्याजवळ, हे आजच ठरवा आणि पावसाळ्यात दोन-चार रात्री तशी सवयही करून बघा. खाट बदलायची, शाळा बदलायची, रात्रीचं डायपर सोडवायचं, जे काही असेल ते सप्टेंबरच्या आत उरका किंवा सरळ पुढच्या वर्षावर टाका. बाळ आलं त्याच आठवड्यात खाट गेली, तर ती बाळानेच नेली असा हिशोब लागतो. तुमच्या पत्रात सासूबाईंची भीती आहे, काकू आहेत, पण बाबा तिला आंघोळ घालतात का, हे कुठे नाही. नसतील घालत तर आजपासून घालू दे. नोव्हेंबरात अचानक बाबांच्या हवाली केलं तर ती शिक्षा वाटते.

'आता तू ताई होणार!' यावर माझा थोडा राग आहे. ते ऐकताना मोठी माणसं खूश असतात. मुलीला मात्र पुढच्याच आठवड्यात कळतं, की ताई म्हणजे हट्ट न करणारी, ताई म्हणजे खेळणं देऊन टाकणारी. साडेतीन वर्षांची मुलगी साडेतीन वर्षांचीच राहते. तिला नावाने हाक मारा. ताईपण बाळाच्या तोंडून यायचं तेव्हा येईल.

जुन्या बायका म्हणायच्या, पाठचं पोटात आलं की वरचं पोर किरकिरं होतं. त्यात अर्थ आहे. आई थकलेली असते, आणि पोर अंगावर पीत असेल तर दूधही कमी होत जातं. क्वाशिओरकॉर हे कुपोषणाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ते घानातल्या गा भाषेतून आलंय, आणि तिथे त्याचा अर्थच आहे, पुढचं बाळ जन्मलं की आधीच्या मुलाला होतो तो आजार. सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाईंनी १९३५ साली तो शब्द वैद्यकात आणला. तुमच्या घरात खायची ददात नाही, तेव्हा किरकिरीपलीकडे काही होणार नाही. पण किरकीर होईल. ती पुन्हा अंथरूण ओलं करेल, बोबडं बोलेल, बाटलीने दूध मागेल. द्या एक-दोनदा. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या ब्रेंडा व्होलिंग यांनी २४१ घरांचा बाळाच्या जन्माआधीपासून वर्षभर मागोवा घेतला. बहुतेक थोरली मुलं या फेरफारातून बऱ्यापैकी सुखरूप बाहेर पडतात, असं त्यांना दिसलं.

त्याआधी केंब्रिजमध्ये ज्युडी डन यांनी ४० घरांत बसून आया आणि मुलं काय बोलतात ते टिपलं होतं. त्यांना आढळलं ते मला फार उपयोगाचं वाटतं. ज्या आया पहिल्या आठवड्यांपासून थोरल्याशी बाळाबद्दल एक माणूस म्हणून बोलत, त्याला भूक लागली असेल का, तो का रडतो, तुला काय वाटतं, त्या घरांतली भावंडं वर्षभरानंतर एकमेकांशी अधिक गोडीने वागत होती. 'हात लावू नकोस, झोपलंय ते' याच्या ऐवजी 'बघ बरं, का रडत असेल?' हे तुम्हाला आधीपासूनही सुरू करता येईल. सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत पोटातल्या बाळाला बाहेरचा आवाज ऐकू येऊ लागतो. तिला पोटाला तोंड लावून सायकलबद्दल सांगू द्या.

आणि एक दिवस ती म्हणेल, "आता याला परत ठेवून या." दचकू नका, ओरडू नका, 'असं बोलतात का गं' म्हणू नका. "खूप रडतं ना? मलाही कधीकधी कंटाळा येतो," असं म्हणून तिला जवळ घ्या. बाळ परत जाणार नाही हेही त्याच दमात सांगा, आणि तूही कुठे जाणार नाहीस, हे सांगा. माझ्या बोचक्याच्या दिवशी मला एवढंच ऐकायचं होतं.

सायकलचं मात्र बाळाआधीच बघा, बाळाच्या नावाने लाच म्हणून नको. आणि बारा आठवडे झाल्यावर तुम्ही सांगाल, तेव्हा ती पहिलं वाक्य काय बोलली ते त्याच रात्री तारखेसह लिहून ठेवा, सकाळपर्यंत ते नेमकं आठवत नाही. जमलं तर मलाही कळवा.